काडीचा डोळा आणि वीस लाख ठिपके

माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘लॅपटॉप दुरुस्ती’ एवढंच लिहिलंय. दुरुस्ती कोण करतं ते लिहिलेलं नाही. त्यामुळं नवीन गिऱ्हाईक आत आलं की सरळ आमच्या ह्यांच्याकडं जातं. हे फौजेतून रिटायर झालेले, पण मिशा अजून ड्यूटीवर आहेत. “साहेब, जरा बघता का?” असं कुणी म्हटलं की हे जागेवरून न हलता माझ्याकडं बोट करतात. “मेकॅनिक तिकडं. मी फक्त चहा सांगतो.” मग गिऱ्हाईक माझ्याकडं बघतं, माझ्या चष्म्याकडं बघतं, आणि लॅपटॉप पोटाशी जरा घट्ट धरतं.

मी कुठं शिकले, असं लोक विचारतात. कुठंच नाही. साताऱ्यात आम्ही आधी झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान टाकलं होतं. कॉम्प्युटर बिघडला की माणूस बोलवायचा, आणि तो माणूस ‘येतो’ म्हणून आठ-आठ दिवस यायचा नाही. एकदा वैतागून मीच स्क्रू काढले. बंद तर पडलेलाच होता, आणखी काय बंद पडणार? नंतर भंगारवाल्याकडून मेलेले लॅपटॉप किलोवर आणले आणि मोबाईलवर व्हिडिओ बघत एकेक उघडला. मेलेल्यावर शिकण्यात एक बरं असतं, आपल्या हातून ते पुन्हा मरत नाहीत. स्क्रू हरवू नयेत म्हणून घरातला मसाल्याचा डबा दुकानात आला. मोहरीच्या वाटीत बिजागरीचे स्क्रू, जिऱ्याच्या वाटीत पडद्याचे, हळदीच्या वाटीत तळाचे. तो डबा आजही आहे, आणि घरी फोडणीला मी नवा घेतला.

आमच्याकडं पडद्याचं काम जास्त. कुणी लॅपटॉपवर बसतं, कुणी पेन आत ठेवून झाकण लावतं. फुटलेला पडदा काढून तसाच दुसरा बसवायचा, हे काम बहुतेकांना माहीत असतं. पण न फुटलेला, चांगला चालणारा पडदा काढून त्याच्यापेक्षा सरस पडदा बसवता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मला ते काम सगळ्यात आवडतं. सांगते कसं ते.

लॅपटॉपचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. जुन्या साध्या पडद्यावर आडवे तेराशे सहासष्ट ठिपके आणि उभे सातशे अडुसष्ट. गुणाकार करा, दहा लाखांच्या थोडं वर जातं. फुल एचडी म्हणतात त्यात आडवे एकोणीसशे वीस, उभे एक हजार ऐंशी. म्हणजे वीस लाखांच्या वर. अंगण तेवढंच, ठिपके दुप्पट. थोड्या ठिपक्यांत मोर काढला तर मोर आहे एवढं कळतं. दुप्पट ठिपके दिले की त्याच्या पिसातली रेघ न् रेघ निघते. शिवाय जुन्या स्वस्तातल्या पडद्यापुढं जो नीट समोर बसेल त्यालाच खरा रंग दिसतो. बाजूला बसलेल्याला सगळं फिकट, वरून वाकून बघणाऱ्याला काळपट. चांगल्या पडद्यापुढं चार माणसं चार बाजूंना बसली तरी चौघांना एकच चित्र दिसतं.

पण नुसता पडदा आणून डकवला की झालं, असं नसतं. एक तर काम सुरू करताना आधी बॅटरीची वायर काढायची. ती न काढता केलं की ठिणगी पडते आणि पडद्याच्या उजेडाचा फ्यूज जातो. हे मला कुणी सांगितलं नाही, ठिणगीनंच सांगितलं. दुसरी गोष्ट केबल. पडद्यापर्यंत चित्र नेणारी केबल म्हणजे रस्ता समजा. दहा लाख ठिपक्यांना एकेरी रस्ता पुरतो, वीस लाखांना दुहेरी लागतो. आणि गंमत अशी की दोन्ही केबलींचं तोंड एकसारखं. बसतं व्यवस्थित, ‘टक’ असा आवाजपण येतो, आणि पडदा काळाच्या काळा. एका कॉलेजच्या मुलीचा लॅपटॉप मी असा तीन दिवस काळा करून ठेवला होता. ती रोज यायची, बाकड्यावर बसायची आणि काही न बोलता जायची. बोलली असती तर बरं वाटलं असतं. चौथ्या दिवशी मला केबलचं कोडं सुटलं.

तिसरा धडा दिला कोरेगावकडच्या एका सुभेदारांनी. त्यांनी हौसेनं जास्त ठिपक्यांचा पडदा बसवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी दारात हजर.

“काकू, तुम्ही माझी अक्षरं आखडली.”

“आखडली म्हणजे?”

“परवापर्यंत धिप्पाड होती. आज बघतोय तर सगळी पलटण बसूनच राहिलीय.”

त्यांचं बरोबर होतं. ठिपके दाट झाले की प्रत्येक ठिपका लहान होतो, आणि तेवढ्याच ठिपक्यांचं अक्षरही लहान दिसतं. त्यावर उपाय असतो. सेटिंगमध्ये जाऊन अक्षर सव्वापट, दीडपट करायचं. मग ते मोठंही दिसतं आणि रेखीवही. मी दोन मिनिटांत करून दिलं. सुभेदार म्हणाले, “हे काल का नाही केलंत?” त्या दिवसापासून मी सवय लावून घेतली. पांढऱ्या केसांचं माणूस दुकानात आलं की त्यानं मागायच्या आधीच त्याची अक्षरं मोठी करून द्यायची. लोक खूष व्हायचे. मला वाटायचं, काय मी माणूस ओळखते!

मागच्या वर्षी ह्या सवयीनंच मी एका माणसाचे चार दिवस घालवले. आणि ते चार दिवस साधे नव्हते.

छाटणीच्या हंगामाच्या तोंडावरचा सोमवार. टोपी घातलेले एक गृहस्थ दुकानात आले. हातात द्राक्षाची पुठ्ठ्याची पेटी, आणि पेटीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप. नाव बाळासो, सगळे आण्णा म्हणतात. तासगावजवळचे जैन शेतकरी, द्राक्षबागायतदार. त्यांचे मेव्हणे आमच्या ह्यांच्याबरोबर पलटणीत होते, त्या ओळखीनं एसटी बदलत इतक्या लांब आलेले.

“सांगलीत तीन ठिकाणी दावला,” आण्णा म्हणाले. “समदी म्हणत्यात नवाच घ्या. पर दुर्बिणीचा कॅमेरा ह्याच्यावरच चालतोय. नव्यावर घेत न्हाई.”

दुर्बिणीचं मी ऐकलं आणि सोडून दिलं. “होतंय काय नेमकं?”

“डोळ्यातलं दिसंना झालंय काकू. नुसतं हिरवं हिरवं, धुरकाट.”

“कधीपासून?”

“दोन सालं झाली. पर यंदा लय वाईट.”

“डॉक्टरांना दाखवलं?”

आण्णा जरा गोंधळले. “डाक्टर कशाला? सूनच बघती की.”

“सून डॉक्टर आहे?”

“शेतकीची पदवी हाय तिची.”

“आण्णा, शेतकीची पदवी डोळ्याला चालत नाही. अहो, माझ्या दिरांचं अगदी असंच झालं होतं. धुरकट, धुरकट, आणि शेवटी मोतीबिंदू निघाला पिकलेला.”

“आवं पर डोळा माझा न्हवं...”

“मग कुणाचा? सुनेचा? एवढ्या लहान वयात?”

“सुनंचाबी न्हवं, काडी...”

“काळजी करूच नका,” मी म्हटलं, आणि लॅपटॉप उघडून अक्षरं दीडपट करून टाकली. मोठं मोठं, ठसठशीत. आण्णांनी पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. माझ्या बोलण्याच्या धबडग्यात त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. भिडस्त माणूस. काकू म्हणतात झालं, म्हणजे झालं असेल, अशा हिशेबानं त्यांनी पेटी उचलली. जाताना मी त्यांना इथल्या डोळ्यांच्या दवाखान्याचा पत्तासुद्धा लिहून दिला. चिठ्ठी त्यांनी नीट घडी करून खिशात ठेवली. ती घडी आठवली की आजही माझे कान तापतात.

मंगळवारी दुपारी फोन आला. “काकू, मी सुप्रिया. आण्णांची सून.” आवाज अगदी अदबीचा, आणि त्या अदबीच्या खाली रडू.

“बरं वाटतंय का डोळ्याला?” मी विचारलं.

ती म्हणाली, “काकू, डोळा द्राक्षाच्या काडीचा. आणि तुम्ही सगळं मोठं केल्यामुळं आता फोटो साठवायचं बटणच पडद्याच्या खाली गेलंय.”

मी खुर्चीत बसले. उसाच्या कांडीला डोळा असतो, बटाट्याला डोळा असतो, हे मला माहीत नव्हतं का? साताऱ्यात जन्म गेला माझा, लावणीचे दिवस मीपण बघितलेत. पण दुकानाची खुर्ची अशी वाईट, की तिच्यावर बसलं की समोरच्याचं शेत दिसत नाही, फक्त मशीन दिसतं.

सुप्रियानं मग मला तिचं काम समजावलं. तुम्हालाही सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. द्राक्षाच्या वेलीची फळछाटणी करतात तेव्हा प्रत्येक काडी, म्हणजे वेलीची फांदी, कितव्या डोळ्यावर कापायची हे ठरवावं लागतं. डोळा म्हणजे काडीवरचा कोंब फुटायचा गड्डा. त्याच्या पोटात पुढच्या पिकाचा घड आधीच तयार झालेला असतो, मोहरीच्या दाण्याहून लहान. कुठल्या डोळ्यात घड असतो, तर कुठल्यात नुसती बाळी. बाळी म्हणजे वेल आधाराला गुंडाळते तो तंतू, फळाच्या नावानं शून्य. म्हणून छाटणीआधी बागेतल्या थोड्या काड्या आणायच्या, एकेक डोळा ब्लेडनं कापायचा, दुर्बिणीखाली, म्हणजे मायक्रोस्कोपखाली, धरायचा आणि बघायचं, घड की बाळी. सुप्रियाच्या दुर्बिणीला वरून बघायची नळी नव्हती. नुसता कॅमेरा, चित्र थेट लॅपटॉपवर.

“मोठं करून बघायचं ना मग?” मी विचारलं.

“मोठं केलं की अर्धाच डोळा पडद्यावर मावतो. आणि हिरव्यात हिरवं मिसळतं. घडाला आणि बाळीला फरक असतो तो कडेच्या बारीक फाट्यांचा. तेच दिसत नाहीत.”

मग तिनं खरं दुखणं सांगितलं. आदल्या वर्षी गावातल्या तिघांना तिनं पाचव्या डोळ्यात घड आहे म्हणून सांगितलं होतं. त्यांनी पाचव्याच्या वर कात्री लावली. फुटलं ते निव्वळ बाळ्या आणि पाला. घडाचे डोळे कापून खाली पडले होते. त्यातले एक बिरू बापू. पूर्वेकडच्या दुष्काळी भागातून आलेले, आधी मेंढरं राखायचे, मग बोअर मारून पहिल्यांदाच द्राक्ष लावलेली. ती पहिली बाग तिच्या शब्दावर गेली. यंदा तिच्याकडं गावातून एकही काडी आली नव्हती. उरली होती फक्त घरची, आण्णांची बाग.

“आण्णा म्हणतात, आपली तू सांगशील तशीच छाटायची. शनिवारी छाटणीची टोळी येतेय. ही बाग चुकली काकू, तर घरचं वर्ष जाईल, आणि मी ह्या कामाला पुन्हा हात लावणार नाही. ठरवलंय मी.”

मी म्हटलं, “सुप्रिया, तुझ्या सासऱ्यांना मी मोतीबिंदू लावून पाठवलं. आता लॅपटॉप इकडं पाठवू नकोस. मीच येते.”

लॅपटॉपचा नंबर माझ्या वहीत होता. त्यावरून कुठला पडदा बसेल ते शोधलं, पुण्याच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला फोन केला. फुल एचडीचा, चारी बाजूंनी सारखा दिसणारा, आणि सोबत दुहेरी रस्त्याची केबल. केबलवर मी त्याला तीन वेळा बजावलं. बुधवारी संध्याकाळी पार्सल आलं. गुरुवारी सकाळी मी एसटीत. कराडला बदलून विट्यावरून तासगाव. पडदा दोन पाटांच्या मध्ये घालून जुन्या साडीत गुंडाळला होता आणि मांडीवर सांभाळून धरला होता. शेजारच्या बाईनं दोनदा हात जोडले. तिसऱ्यांदा विचारलं, “कुठल्या देवाचा फोटू हाय?”

“अजून उजेड पडायचाय,” मी म्हटलं. तिला ते फार भाविक उत्तर वाटलं.

आण्णा स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभे. मला बघून पहिलं काय म्हणाले असतील? “काकू, तपासून आलो बरं का. मोतीबिंदू न्हाई.” म्हणजे हा माणूस खरंच जाऊन डोळे दाखवून आला होता! मला हसावं की जमिनीत शिरावं कळेना. ते मात्र खुशीत होते. “चष्म्याचा नंबर तेवढा वाढलाय. बरं झालं गेलो ते.”

सुप्रियाची खोली म्हणजे बेदाणा ठेवायच्या शेडचा एक कोपरा. टेबल, दुर्बीण, ब्लेडची पाकिटं, ओल्या फडक्यात काड्या. मुलगी तिशीच्या आतली, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. मी मसाल्याचा डबा उघडला तशी ती पहिल्यांदा हसली.

तळ उघडून आधी बॅटरीची वायर काढली. पडद्याभोवतीची चौकट जुन्या कार्डानं हळूहळू सोडवली. जुना पडदा बाहेर घेतला. जुन्याला दोन्ही बाजूंना स्क्रूचे कान होते, नव्याला कानच नाहीत. असे पडदे मागून खास चिकटपट्टीवर बसवायचे असतात, ती मी आणली होती. केबल बदलायची तर बिजागरीपर्यंत सगळं सोडवावं लागतं. माझं बोट त्या बारीक खोबणीत आणि दारातून आण्णा, “काकू, आधी जेवून घ्या.”

“झालंच, अर्धा तास.”

“अर्ध्या तासानं दिवस मावळतोय. आमच्यात मावळल्यावर जेवत न्हाईत, आन् पाहुण्याला उपाशी ठेवून आमीबी जेवत न्हाई.”

म्हणजे माझ्या अर्ध्या तासापायी सगळं घर उपाशी झोपणार! लॅपटॉप तसाच उघडा टाकून मी पानावर बसले. भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी. वाटी-वाटीतले स्क्रू शेडमध्ये, आणि माझं निम्मं लक्ष तिकडं. पण एक झालं. जेवून आल्यावर हात निवांत झाला. घाईत मी केबल पीळ देऊन बसवली होती, ते दिसलं. तशीच राहिली असती तर झाकण उघड-मीट करताना महिन्याभरात तुटली असती. काढून सरळ केली.

बटण दाबलं. काळं. एक, दोन, तीन... आणि मग उजेड पडला.

सोमवारी मोठी केलेली अक्षरं मी आधी पूर्ववत केली. दुर्बिणीखाली काडी नव्हती, म्हणून सुप्रियानं साठवलेला एक फोटो उघडला. हिरव्यातून हिरवं वेगळं झालं. पापुद्रा वेगळा, लव वेगळी, आतला नाजूक गोळा वेगळा. आण्णा बाजूला उभे, मी मागं, आणि तिघांनाही तेच दिसत होतं. “आयला!” आण्णांच्या तोंडून गेलं आणि त्यांनी सुनेपुढं जीभ चावली.

सुप्रिया एकामागून एक फोटो उघडत होती. मग एका फोटोवर थांबली. खाली आदल्या वर्षीची नोंद होती: बिरू बापू, पाचवा डोळा, घड.

“आण्णा,” ती म्हणाली, “ही बाळी हाय.” मराठी एकदम घरची झाली तिची. “हिला दोनच फाटे हैत. घडाला झुबका असतोय. फोटोत होतं सगळं. मीच घड लिवलं.”

आण्णा म्हणाले, “बंद कर ते. झालं गेलं.”

मला वाटलं, आता आपण म्हणावं की बाई, तुझी चूक नाही, पडद्याची. शब्द अगदी ओठावर आले होते. पण सोमवारी मी कशी बोलत सुटले होते ते आठवलं आणि गप्प बसले. तिलाच बोलायचं होतं.

“बंद न्हाई करायचं,” ती म्हणाली. “उद्या सकाळी बापूंना बोलवा.”

“आगं, शनिवारी आपली टोळी हाय. आधी आपली काडी बघ. त्यो माणूस वर्षभर आपल्या दारावरनं मान वळवून जातोय, त्याला कशाला...”

“आपली आज रात्रीत होतीय. पर त्यांची छाटणी अंदाजानं होणार, आन् पुन्हा चुकणार.”

तिनं त्याच रात्री घरच्या वीस काड्या कापल्या. मी शेजारी बसून आकडे लिहिले. जुन्या पडद्यावर तिनं आठवड्यापूर्वी सहाव्याला घड म्हणून खूण केली होती. सहाव्याला बहुतेक बाळ्या निघाल्या. घड सातव्यात होता. एका डोळ्याचा फरक, बोटाच्या दोन पेरांएवढा, आणि त्यात घरचं वर्ष. तिनं खूण खोडून सात लिहिलं आणि आण्णांनी वही हातात घेऊन ती सुनेपुढं वाचून खात्री केली.

शुक्रवारी सकाळी बिरू बापू आले. उंच, वाळके, डोक्याला पटका. खुर्ची दिली तर बसले नाहीत. मला वाटलं होतं रागानं बोलतील. ते टेबलापाशी येऊन हात मागं बांधून उभे राहिले.

सुप्रियानं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. “बापू, ह्यो तुमचाच डोळा. मागल्या सालचा. मी घड म्हनले होते. बाळी हाय. चुकलं माझं.”

बापू वाकले. नाक पडद्याला लागेल इतके वाकले. बराच वेळ बघून म्हणाले, “हिला दोनच शिंगं हैत.”

“व्हय.”

“घड कसा असतोय? दाव.”

तिनं आण्णांच्या बागेतला सातवा डोळा दाखवला. बापूंनी हा बघितला, तो बघितला, पुन्हा हा बघितला. “दोनशे मेंढरात कुणाचं पिलू कुठलं, हे तोंडावरनं वळखत होतो मी,” ते म्हणाले. “हे तर आंधळ्यालाबी कळंल. मागल्या साली का कळलं न्हाई तुला?”

“पडद्यानं दाखवलं न्हाई, आन् मी पुन्हा बघितलं न्हाई. दोन्ही.”

“मग आता कोण म्हनलं तुला, मला बोलवून सांग म्हणून?”

“कुणीच न्हाई.”

बापू ‘हं’ म्हणाले आणि बाहेर गेले. आण्णांनी कपाळाला हात लावला. “बघ. आता गावभर सांगंल, सुनंनं कबूल केलं म्हणून.” सुप्रिया ब्लेड पुसत बसली. मी पिशवी भरायला घेतली. हळदीच्या वाटीत एक स्क्रू जास्तीचा दिसत होता, आणि तो कुठला हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

तासाभरानं दारात सायकल लागली. बापू. खांद्यावर ओलं पोतं, पोत्यात काड्यांची मोळी. टेबलावर ठेवली आणि आता मात्र खुर्ची ओढून बसले. “ओळीवार बांधल्यात. लाल सुतळी म्हंजी वरची बाजू. बघ. मी हितंच बसतोय, मलाबी दाव.”

मी त्या दिवशी जाणार होते ती गेले नाही. दुपारपर्यंत आणखी दोघे काड्यांच्या मोळ्या घेऊन आले, ते कशाला आले हे विचारायची कुणाला गरज पडली नाही. चौघं-पाचजण चार बाजूंनी पडद्याकडं बघत होते आणि वाद घालत होते. “हा घड!” “न्हाई रं गड्या, फाटं मोज!” सुप्रिया ब्लेड चालवत होती आणि शेवटचा शब्द तिचा. इतकी वर्षं मी पडदे बसवले, पण बसवल्यावर गिऱ्हाईक झाकण मिटून घरी जातं. त्या पडद्यावर पुढं काय काय होतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

शनिवारी आण्णांची बाग सातव्यावर छाटली. चार दिवसांनी बापूंची, तीही सातव्यावरच.

तीन आठवड्यांनी मी ह्यांना घेऊन पुन्हा गेले. म्हटलं, दुकान बंद राहू दे दोन दिवस. आण्णांच्या बागेत कोवळ्या फुटींवर घड दिसायला लागले होते, हिरव्या मण्यांचे, करंगळीएवढे. आण्णा ओळीओळीनं आम्हाला फिरवत होते आणि प्रत्येक वेलीपाशी थांबून ह्यांच्याकडं बघत होते. हे प्रत्येक वेळी कडक मान हलवायचे, परेड बघितल्यासारखे.

मग बापूंच्या बागेत गेलो. तिथंही भरलं होतं. पण तिसऱ्या ओळीत बापू थांबले आणि त्यांनी सुप्रियाला हाक मारली. एक फूट दोन बोटांत धरली होती. “हे बघ. सातवाच हाय. हितं बाळी आलीया.”

सुप्रियाची मान खाली गेली. मी तिच्या मागं उभी होते, मला तिचा चेहरा दिसला नाही.

“अशी आणखी हैत थोडी,” बापू म्हणाले. “बाकी चांगलं हाय. तोंड पाडू नगंस. हिचा फोटू काढून ठेव, आन् वेल कुठली ते लिही. पुढल्या साली काड्या आणीन तवा हितल्या दोन जास्त आणतो.”

तिनं पदराला हात पुसले आणि वही काढली. “कितवी वेल, बापू?”

“मोज की तूच,” बापू म्हणाले, आणि तिला वाट द्यायला बाजूला सरले.